हिशोब न मागणारं माहेर

मे महिना लागला की आमच्या घोडेगावच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मुंबईकर येतात ना! आमच्या आंबेगाव-जुन्नरकडची कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत. कुणी डबेवाले, कुणी माथाडी, कुणी भाजी मार्केटात. वर्षभर दहा बाय दहाच्या खोलीत काढायचं आणि मेमध्ये पोरांना घेऊन गावी यायचं. पोरं करवंदांच्या जाळीत घुसतात, अंगणात अंथरुणं पडतात, रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगतात. लेकी माहेरपणाला येतात. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं, की ज्यांना हे नाहीच त्यांचं काय, असा विचार कधी मनात आला नव्हता.

तो विचार आणून दिला पुण्यात माझ्या नणंदेकडे धुणीभांडी करणाऱ्या एका बाईनं. मी आपलं सहज विचारलं, सुट्टीत माहेरी जाणार का म्हणून. ती म्हणाली, माहेर पाण्याखाली गेलं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव होतं. आईवडील गेले, भाऊ कुठे कुठे पांगले. चौदा वर्षांत सलग दोन दिवस ती कुठे नुसती बसून राहिली नव्हती. हे तिनं भांडी घासता घासता सांगितलं, रडून नव्हे. त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

गावी आल्यावर महिला मंडळात विषय काढला. पुण्याच्या वस्त्यांमधल्या अशा बायकांना मुलांसकट आठ दिवस घोडेगावला आणायचं. फुकट! शाळेच्या दोन खोल्या परवानगीनं मिळाल्या, कुणी गाद्या दिल्या, कुणी तांदूळ, कुणी घरचं दूध. एकच नियम केला, पाहुणीनं खरकट्या भांड्याला हात लावायचा नाही. अकरा बायका आल्या. मैत्रिणींनो, पहिले दोन दिवस त्या नुसत्या झोपल्या हो!

तिसऱ्या दिवशी मात्र गालबोट लागलं. संध्याकाळी आम्ही हरिपाठ ठेवला होता. एक बाई आली नाही. तिचा धर्म वेगळा होता. ती लेकराला घेऊन शाळेच्या पायरीवर बसून राहिली. आमच्यातल्या एक थोरल्या बाई बोलून गेल्या, की आपण फुकट खाऊ घालतो, मग दहा मिनिटं हात जोडायला यांचं काय जातं? तिनं ते ऐकलं. मीही ऐकलं आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती निघून गेली.

मनाला लागलेली ही टोचणी घेऊनच मी वाचनालयातून पंडिता रमाबाईंचं चरित्र आणलं. बी. ए.ला असताना त्यांच्यावर एक धडाच काय तो वाचला होता, परीक्षेपुरता. आता वाचताना वाटलं, अरे, या बाईचं सगळं आयुष्य याच एका प्रश्नाभोवती फिरलं आहे. आसरा द्यायचा, तर त्याच्या बदल्यात काय मागायचं?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईनं संस्कृत शिकायचं म्हणजे केवढा अपराध! लोकांचा रोष पत्करून त्यांनी रानात बिऱ्हाड मांडलं होतं. पुढे तेही मोडलं आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडू लागलं. छोट्या रमेला आईनं शिकवलं ते असं वाटेवर, देवळांच्या ओसऱ्यांवर. ज्याला आपलं घर म्हणावं असं घर तिला कधी मिळालंच नाही.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच उरले. उपाशीतापाशी, अनवाणी हजारो मैल चालत ही भावंडं १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. लगेच नाव झालं. पण सुख काही टिकेना. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा! १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला नवराही पटकीनं गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, मागे ना सासर ना माहेर.

दुसरी एखादी खचली असती. रमाबाई पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. पुण्यात त्या वेळी इंग्लंडच्या चर्चच्या नन्स काम करत होत्या. त्यांचा मूळ मठ इंग्लंडमधल्या वाँटेज गावी. या सिस्टरांच्या ओळखीनं १८८३ मध्ये रमाबाई छोट्या मनोरमेला घेऊन वाँटेजला गेल्या. जायचं होतं डॉक्टर व्हायला, पण कानांनी दगा दिला. नीट ऐकू येत नसल्यानं ते राहून गेलं.

मठात त्या फुकट राहिल्या नाहीत. हिंदुस्थानात येणार असलेल्या सिस्टरांना त्या मराठी शिकवत. मला हे फार आवडलं. तिथेच एकदा त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात नेण्यात आलं. वाँटेजच्या सिस्टर तिथे समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी घर चालवत. ज्यांना लोक दारात उभं करत नाहीत अशा बायकांना या सिस्टर हाक मारून जवळ घेतात, त्यांची सेवा करतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. ज्या देशात त्या जन्मल्या, तिथे अशा बाईला प्रायश्चित्त होतं, बहिष्कार होता, पण घर नव्हतं. हे दृश्य त्यांच्या मनात कायमचं रुतलं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण पुढची गोष्ट लक्षात घ्या. आसरा मिळाला म्हणून रमाबाईंनी मान तुकवली नाही. जेवणाखाण्यात त्या शाकाहारीच राहिल्या. धर्मातली जी गोष्ट बुद्धीला पटली नाही, ती पटत नाही असं आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं. सिस्टरांना वाटे, हा गर्व आहे. रमाबाईंना वाटे, उपकार वेगळे आणि सदसद्विवेक वेगळा. त्यांची ही पत्रं पुढे छापलीही गेली आहेत. वाचताना मला शाळेच्या पायरीवर बसलेली ती बाईच दिसत राहिली. कृतज्ञ असणं आणि मिंधं असणं यात फरक आहे ना?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाला त्या अमेरिकेला गेल्या, त्या तिथे अडीचेक वर्षं राहिल्या. गावोगाव भाषणं केली, हिंदू विधवांची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई.

सदनाचा नियम काय होता ठाऊक आहे? इथे कुणाला धर्म शिकवायचा नाही आणि कुणाचा धर्म मोडायचाही नाही. मुलींना आपापले आचार, सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. केस काढलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, कोपऱ्यात बसवलेल्या पोरी तिथे फुलं माळू लागल्या, पाट्यांवर लिहू लागल्या. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार म्हणून पाठीशी होती.

मग १८९३ चं वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर ख्रिस्ती प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. काहींच्या मनात त्या धर्माची ओढ निर्माण झाली. रमाबाईंचं म्हणणं, मी बोलावलं नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. पुण्याचं म्हणणं, हा तर पाठीमागच्या दारानं धर्मप्रसारच! केसरीतून टीकेची झोड उठली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

चूक कोणाची? मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या. रमाबाईंनी जबरदस्ती केली नाही, हे खरं. पण जिला जगात दुसरं कुणी नाही, तिला आपल्या आश्रयदातीच्या देवाची ओढ वाटणं यात तिची मर्जी किती आणि ओशाळेपणा किती, हे कसं ठरवायचं? आणि दुसरीकडे, ज्यांनी मुली परत नेल्या त्यांनी त्यांना दिलं काय? पुन्हा तोच अंधारा कोपरा. या वादातून एक मात्र चांगलं झालं. हिंदू विधवांसाठी आपलंही काही हवं, ही गरज ठळक झाली आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्याचं पुढे हिंगण्याला केवढं झाड झालं, ते आपण जाणतोच.

रमाबाईंनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली होती. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव आजच्या दौंड तालुक्यात येतं. फळबाग लावायची आणि सदनाचा खर्च भागवायचा, असा साधा बेत होता. याच सुमाराला, १८९६ च्या आसपास, उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला, तेव्हा त्या आपल्या पंधराएक मुलींना सोबत घेऊन गेल्या. मेळावा धर्माचा होता खरा. पण पुण्याच्या पेठांतून निघून घाटातल्या झाडीत चार दिवस! पहाटे उठून रमाबाई रानात एकट्या जाऊन प्रार्थना करत. रानातच जन्म झालेला ना. या पंधरांच्या पंधरापट मुली मला दे, असं त्यांनी तिथे मागितलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

शहरातल्या पिचलेल्या जीवांना मोकळ्या हवेत न्यावं, ही जाणीव त्या काळी जगात ठिकठिकाणी जागी होत होती. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या वाल्टर बिऑन या पाद्र्यानं १८७६ मध्ये गरीब मुलांना सुट्टीत डोंगरातल्या गावी नेलं. रमाबाईंच्याच पिढीतल्या मदर काब्रीनी या इटालियन कॅथलिक नननं अमेरिकेत डेन्व्हर शहरातल्या अनाथ मुलींसाठी जवळच्या डोंगरावर जागा घेतली. तिथे त्या मुलींचे उन्हाळे जात. पुढे कितीतरी देशांत नन्सनी शहरी गरीब कुटुंबांना अशी फुकट सुट्टी द्यायला सुरुवात केली. श्रीमंतांना थंड हवेची ठिकाणं होतीच. गरिबालाही दम खायला जागा लागते, हे आधी कुणीतरी कबूल करावं लागतं.

रमाबाईंवर मात्र सुट्टीपेक्षा फार मोठं काम येऊन पडलं. १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ. मध्य प्रांतात मुली भुकेनं रस्त्यावर पडत होत्या आणि त्यांना पळवणारे टपून बसले होते. आपल्या आईवडिलांचं मरण आठवून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. आणायचं कुठे? पुण्यात तर प्लेग! नवीन माणसं शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. तेव्हा त्यांनी सगळ्यांना केडगावच्या उघड्या माळावर नेलं. राहुट्या, गवताच्या झोपड्या, विहिरीचं पाणी आणि वर आभाळ. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दीड हजाराच्या पुढे गेली.

दीड हजार पानं वाढायची, विचार करा! आम्हाला अकरा बायकांचा स्वयंपाक करताना घाम फुटला होता. मुक्तीत शेती होती, गुरं होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींसाठी शिक्षण होतं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं सदन होतं. फुलहॅमला पाहिलेलं ते घर शेवटी केडगावात उतरलं म्हणायचं! बाई आली की तिला आधी अन्न, मग औषध, मग अक्षर, मग हाताला काम.

शारदा सदनासारखी धर्माची अलिप्तता मात्र मुक्तीत नव्हती. ते उघडपणे ख्रिस्ती घर होतं. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाँटेजच्या मठात स्वतःच्या मतासाठी भांडलेल्या रमाबाईंनी आपल्या लेकींना तेवढी मोकळीक दिली का, असा प्रश्न मनात येतोच. पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा. त्या माळावर मरायला टेकलेल्या पोरी उचलायला आपल्यातलं कोण गेलं होतं? त्यांच्यावर रागावण्याचा हक्क आधी कमवावा लागतो, असं मला वाटतं.

शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. साध्यासुध्या बाईला कळावं म्हणून. त्याची छपाईही मुक्तीतल्या बायकांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्यावर संस्था सोपवायची ती एकुलती लेक. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी केडगावातच डोळे मिटले. ज्यांना कधी घर नव्हतं, त्या हजारो जणींचं घर उभं करून गेल्या. मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं अजून एक नाव सांगते. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला १९९७ मध्ये सिस्टर लुसी कुरियन या कॅथलिक नननं छळ सोसून घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी घर सुरू केलं. सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या बायका तिथे राहतात. त्यांनी नाव काय ठेवलं माहीत आहे? माहेर. केरळातून आलेल्या नननं आमच्या मराठीतला नेमका शब्द उचलला. माहेरी लेकीला कुणी विचारतं का, की तू हात जोडलेस का? माहेर म्हणजे जिथे हिशोब नाही.

चरित्र वाचून संपवलं आणि मंडळाची बैठक बोलावली. सगळ्यांसमोर आधी माझी चूक कबूल केली, मी गप्प बसल्याची. वाद झाला, चांगला दोन तास झाला. शेवटी ठरलं, की हरिपाठ देवळात होईल, ज्यांना यायचं त्या येतील. शाळेच्या खोल्यांत कुणी कुणाला काही विचारणार नाही. ज्या थोरल्या बाई तेव्हा बोलल्या होत्या, त्यांनीच मला नंतर बाजूला घेऊन विचारलं, की त्या बाईचा पत्ता आहे का?

नणंदेच्या ओळखीनं पत्ता काढला. मी पुण्याला गेले, तिच्या दारात उभी राहिले, माफी मागितली. तिनं चहा दिला, फार बोलली नाही. गेल्या मेमध्ये ती काही आली नाही. पण आपल्या बारा वर्षांच्या मुलीला मात्र तिनं शेजारणीसोबत पाठवलं. पोरगी आठ दिवस घोड नदीच्या काठानं उंडारली, करवंदांनी तोंड काळंनिळं करून घेतलं. जाताना आईसाठी एक पिशवी भरून घेऊन गेली.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही मे महिन्यात शाळेच्या खोल्या रिकाम्याच असतील. आठ दिवस, चार गाद्या, वाटीभर आमटी जास्तीची. सुरुवात करायला एवढं पुरतं. यंदा मी त्या बाईला पुन्हा बोलावणं धाडलं आहे. बघू या, येते का!